लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर आधी नको

एका दादांनी विचारलंय, छोट्या ट्रॅक्टरचा नांगर कडक रानात रुतत नाही आणि रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) मारला तर महिनाभरात हरळी-लव्हाळा ही तणं दुप्पट, करायचं काय? आमचं तासगावकडचं रान असंच होतं. जुनी द्राक्षबाग काढलेली, ओळींमधून वर्षानुवर्षं ट्रॅक्टर फिरून माती पार दगड झालेली.

छोट्या ट्रॅक्टरला वजनच कमी. कोरड्या रानात फाळ वरच्यावर घसरतो आणि चाकं जाग्यावर गरगरतात. मी आधी पाणी दिलं आणि वापसा येऊ दिला, म्हणजे रान मशागतीजोगं बेताचं ओलसर होऊ दिलं. मूठभर माती दाबून खाली टाकायची; गोळा फुटला तर चला, चिकटून राहिला तर घरी बसा. मग कल्टिव्हेटरचे पाचपैकी तीनच फण (माती उकरणारे दात) ठेवले. पहिली पाळी चार बोटं, दुसरी आडवी, जरा खोल. एका दमात खोल जायच्या हट्टात माझे दोन बोल्ट तुटले, तेव्हा अक्कल आली.

रोटाव्हेटर हरळीचे तुकडे करतो आणि पेरापेरातून नवी फुटते. लव्हाळ्याच्या गाठी तर जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या. माळ तुटली की सुट्या गाठी जोमानं उगवतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये फणानं उपसून ढेकळांसकट उन्हात तापू द्या. काशा (हरळीची जमिनीतली खोडं) वेचून बांधावर टाकू नका हो, पावसाळ्यात परत रानात उतरतात. हरळी बरीच आटोक्यात आली. लव्हाळा मात्र अजून डोकं काढतोय, दर पंधरा दिवसांनी कोळपं (तण काढायचं अवजार) चालूच आहे.