माशोच्या गाण्यांना डफ-बासरी हवीच का?

कोमलनिषाद : फ्रेंच कवी-संगीतकार गियोम द माशोचं (निधन १३७७) 'दूस दाम जोली' हे गाणं बहुतेक लोकप्रिय ध्वनिमुद्रणांत डफ, बासरी आणि तंतुवाद्यांसकट येतं. हस्तलिखितात मात्र एकच स्वरावली आहे आणि तिच्याखाली शब्द. बाकी काही नाही! त्या काळी फ्रेंच शब्दाच्या शेवटचा 'ए' उच्चारत, म्हणजे 'जो-ली-अ' अशी तीन अक्षरं. यमकाची सगळी मजा त्या विरत जाणाऱ्या अक्षरात आहे आणि डफ नेमका त्यावरच पडतो. नवख्याने एकट्या गळ्याच्या मुद्रणापासूनच सुरुवात करावी.

तालवेडा : अजिबात पटलं नाही. हे 'विरले' आहे, म्हणजे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारा फ्रेंच गीतप्रकार, आणि माशो स्वतः 'विरले'ला नाचाचं गाणं म्हणतो. ठेका नको म्हणता, मग नाचायचं कशावर? त्याच्याच 'रमेद द फोर्त्यून' या काव्यात जेवणानंतर वादक येतात, तिथे वाद्यांची लांबलचक यादी आहे. दरबारात वाद्यं होती, यात शंकाच नाही.

जुनीपोथी : यादी खरी, पण ती जेवणानंतरची. त्याच काव्यातला नाचाचा प्रसंग पाहा. तिथे वाद्यं नव्हती, वादक नव्हते, फक्त गाणी होती, असं माशो सरळ सांगतो. नाचणारेच गातात आणि ठेका पावलांत असतो.

ऐकताना शब्द समोर ठेवा. ध्रुवपदाच्या चालीला 'अ' म्हणा. पुढे प्रत्येक कडव्यात ब, ब, अ आणि मग पुन्हा ध्रुवपद. कडवी तीन, म्हणजे ध्रुवपद चारदा आलं पाहिजे. कमी आलं तर कडवी गाळली आहेत. त्यांच्या जागी वाद्यांचा तुकडा घातला की प्रेयसीपुढचं आर्जव कडव्यागणिक कसं वाढत जातं, ते हरवतं. माझा खरा आक्षेप डफापेक्षा या काटछाटीवर आहे.

तालवेडा : विरलेपुरतं मान्य. पण 'रोझ, ली' सारख्या चार आवाजांच्या राँदोचं (ध्रुवपदाचाच आणखी एक फ्रेंच गीतप्रकार) काय? शब्द एकाच आवाजाला आहेत, बाकी तीन ओळी बिनशब्दांच्या. त्या वाद्यांवरच शोभतात. डेव्हिड मन्रो यांचा १९७३चा 'द आर्ट ऑफ कोर्टली लव्ह' हा ध्वनिमुद्रणांचा संच ऐका.

कोमलनिषाद : त्याच्या शेजारी ख्रिस्तोफर पेज यांच्या गॉथिक व्हॉइसेस या गायनसमूहाचं १९८३चं 'द मिरर ऑफ नार्सिसस' लावा. तिथे बिनशब्दांच्या ओळीही माणसंच गातात. त्या काळच्या पायथागोरसी, म्हणजे शुद्ध पंचमांवर बेतलेल्या, जुळणीत गंधार षड्जापासून ४०८ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), म्हणजे आपल्या कानाला सवय असलेल्या ३८६च्या बराच वर. पहिल्यांदा तो बेसूर वाटेल, पण तिथे थांबू नका. ओळ संपताना हाच ताणलेला गंधार पंचमात उघडतो. हार्पची तार छेडली की स्वर लगेच ओसरतो. सुटकेचा क्षण येईपर्यंत ताण उरतच नाही.

तालवेडा : हा दोष छेडायच्या वाद्यांचा आहे, सगळ्या वाद्यांचा नव्हे. विएल हे त्या काळचं व्हायोलिनसारखं वाद्य गजाने वाजतं, हवा तितका वेळ स्वर धरतं, आणि त्याला शब्द नसल्यामुळे वरच्या आवाजाची कविता जास्त स्वच्छ कळते. तीन गळे एकाच 'आ'कारात गायले की शब्दांचा आवाज नेमका कुठला, हेच आधी शोधावं लागतं.