नुसत्या दंडानं भागणार नाही
दंड दुप्पट केला की ऊसवाहतुकीचे अपघात थांबतील, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटलं. स्वीडनमधल्या फालशोपिंग या गावानं १९७० च्या दशकात आधी जखमींची नोंद ठेवली: कुठं, काय करताना लागलं. मग उपाय. त्याच धर्तीवर काम केलेलं तिथलंच लिडशोपिंग १९८९ मध्ये जगातलं पहिलं ‘सेफ कम्युनिटी’ (अपघात टाळण्यासाठी सगळं गाव मिळून काम करतं म्हणून मान्यता मिळालेलं गाव) ठरलं.

आपल्या सांगलीत गळीत हंगामात जोड ट्रॉली अंधारात मागून दिसतच नाही. रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला, नाहीतर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. (चालकाला शिव्या देणं सोपं, तो कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रभर नंबर लावून ताटकळलेला असतो.) रिकामी ट्रॉली कारखान्यातून बाहेर पडतानाच रिफ्लेक्टरची पट्टी पुसा, नसेल तर लावा. आणि दवाखान्यात केसपेपरवर नुसतं ‘अपघात’ न लिहिता रस्ता, वळण, वेळही लिहा.