पीकेएएन : रिपोर्टमधला दुसरा बदल 'अनिश्चित', मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला पीकेएएन (मेंदूत लोह साठण्याचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार) असल्याचं निदान झालंय. चालताना पाय आत वळतो, बोलणं जड झालंय. शर्टाचं बटण लावायला घेतलं की बोटं आखडतात, पण दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. एमआरआयमध्ये 'वाघाचा डोळा' दिसला : ग्लोबस पॅलिडसमध्ये (मेंदूतला, हालचालींवर ताबा ठेवणारा एक भाग) काळ्या कड्यात पांढरा ठिपका. काळं दिसतं ते साठलेल्या लोहामुळे.

दोष पँक२ या जनुकात आहे. हे जनुक २०व्या गुणसूत्रावर आहे, २००१ साली सापडलं. त्याचं एन्झाइम मायटोकॉन्ड्रियात (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) असतं आणि बी५ जीवनसत्त्वापासून कोएन्झाइम ए (पेशीला ऊर्जेसाठी लागणारा पदार्थ) तयार होण्याची पहिली पायरी तेच करतं. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून तो शब्द ऐकून घरच्यांनी सगळा दोष ताईवर (भाच्याच्या आईवर) टाकला, याचं फार वाईट वाटतं. पण हे जनुक त्या डीएनएमधलं नाही, पेशीकेंद्रातलं आहे. सदोष प्रत आई आणि वडील, दोघांकडूनही यावी लागते.

अडचण अशी : जनुक तपासणीच्या रिपोर्टमध्ये या जनुकातला एक बदल 'रोगकारक' आणि दुसरा 'अनिश्चित महत्त्वाचा' (म्हणजे त्याने आजार होतो की नाही, हे अजून ठरलेलं नाही) आहे. ताई-भाओजींची तपासणी अजून झालेली नाही. दोघांकडे एकेक बदल निघाला, तर लॅब दुसऱ्याचं वर्गीकरण पुन्हा तपासून देते का? कुणी असं करून घेतलंय का, किती दिवस लागले?

घाई आहे, कारण ताईला दहावा आठवडा चालू आहे. दर गरोदरपणात धोका २५ टक्के. अशा अनिश्चित बदलावर गर्भाची तपासणी करून मिळते का? या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहा.