डाळिंबाच्या सालीचा एनएमआर: पीक रुंद येतायत, काय करू? (बजेट ८ हजार)

सालपट: नमस्कार मंडळी. सोलापुरात पीएचडी करते, विषय डाळिंबाच्या सालीतले घटक. एनएमआरसाठी (मोठ्या चुंबकात नमुना ठेवून त्यातले घटक आलेखावरून ओळखायचे) पुण्याला जावं लागतं. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, मांडीवर थर्माकोलची पेटी, आणि ६०० मेगाहर्ट्झच्या मशीनला तासावर पैसे. मागच्या खेपेला सहा नमुने नेले. साखरेचे पीक, म्हणजे आलेखातल्या रेघा, छान आले. पण आलेखाच्या आडव्या पट्टीवर ६ ते ७.५ पीपीएममध्ये नुसता उंचवटा, आणि २.५ ते २.७ ला सायट्रेटच्या चार रेघा यायच्या तिथे टेकाड. १२८ स्कॅन, पाण्याचा सिग्नल दाबायला प्रीसॅट. साल वाळवली, कुटली, गरम पाण्यात काढा केला, गाळला, वरून डीटूओ (जड पाणी) आणि टीएसपी (शून्याची खूण देणारा संदर्भ पदार्थ). बजेट मशीनच्या तासांसकट ८ हजार. मशीन बदला असं कृपया सांगू नका.

चुंबकवाला: मशीन बदला. ६०० वरून ८०० ला गेलात की सिग्नल-नॉइज (खरखरीच्या तुलनेत सिग्नल) दीडपट, कारण ते चुंबकीय फील्डच्या दीडाव्या घाताने वाढतं. त्यावर क्रायोप्रोब (सिग्नल पकडणारा भाग, अतिथंड ठेवलेला) मिळाला तर आणखी तीन-चार पट. आम्ही रात्रभर ८०० वर बसायचो. एकदा त्याची सवय लागली की ६०० वर मन लागत नाही.

पार्क_चौक: सर, ताईंचं बजेट ८ हजार आहे, ८०० नाही.

हुतात्मा_रोजचा: स्कॅन वाढवा ना. १२८ चे ५१२ केले की सिग्नल-नॉइज दुप्पट. आमच्या वेळी असंच करायचो. आणि हुतात्माला डाव्या बाजूला बसा, उजवीकडे ऊन येतं.

गाईडचा_मारलेला: चौपट वेळ, दुप्पट फायदा. आणि उंचवटा दुप्पट स्वच्छ केला तरी तो उंचवटाच राहणार. ताई, टीएसपीची रुंदी किती होती?

नळीबाई: आधी नमुन्याच्या नळ्या बघा! माझ्या सहा महिन्यांची माती एका नळीने केली. लॅबमध्ये कुणीतरी क्रोमिक ॲसिडने धुतल्या होत्या. क्रोमियम काचेला धरून राहतं, ते पॅरामॅग्नेटिक, म्हणजे स्वतःच्या चुंबकत्वाने रेघा फुगवणारं, मग कितीही शिम करा (चुंबकीय फील्ड एकसारखं करा). शिवाय गरम ओव्हनमध्ये उभ्या वाळवल्या की वाकतात, आणि महागाच्या प्रोबमध्ये वाकडी नळी घातली की बोलणी तुम्हालाच. मी आता माझ्या नळ्या माझ्या कपाटात, कुलूप लावून.

सालपट: @गाईडचा_मारलेला ०.९ हर्ट्झ. नळ्या नव्याच होत्या, @नळीबाई.

गाईडचा_मारलेला: मग शिम ठीक आहे. शिम बिघडलं असतं तर टीएसपीपासून साखरेपर्यंत सगळंच रुंद झालं असतं. तुमच्याकडे निवडक पीक फुगलेत, म्हणजे दोष नमुन्यात. सायट्रेट धातूला पकडतं, पॉलिफेनॉल (सालीतले टॅनिनसारखे तुरट घटक, तुमचा ६ ते ७.५ मधला उंचवटा) पण पकडतात. लोह किंवा तांबं शोधा. पीएच किती ठेवला?

सालपट: पीएच... तो स्थिर ठेवणारा बफर घातलाच नव्हता.

बायोकेम_बार्शी: बफर नाही?! फॉस्फेट, पीएच ७.४, डोळे झाकून. लघवीच्या नमुन्यांना आम्ही तोच घालतो.

गाईडचा_मारलेला: डोळे उघडून घाला. लघवीत टॅनिन नसतं. ७.४ ला सालीचे पॉलिफेनॉल हवेने काळे पडतात. वनस्पतींना ६.० बरा.

बायोकेम_बार्शी: आमचे कधी काळे पडले नाहीत.

गाईडचा_मारलेला: कारण तुम्ही लघवी मोजता.

चुंबकवाला: फॉस्फेट जपून घाला हं. मीठ वाढलं की नमुना वीज वाहतो, प्रोबचं ट्यूनिंग सरकतं, ९० अंशांचा पल्स लांबतो, आणि क्रायोप्रोबचा फायदा तिथेच निम्मा संपतो. खारट नमुन्याला ३ मिमीची नळी घ्या.

पार्क_चौक: सर, ताईंच्या मशीनला क्रायोप्रोब आहे असं त्या कुठे म्हणाल्या?

सांगोल्याचा_बागवाला: मी शेतकरी आहे. पीक रुंद येतंय वाचून आत आलो, तिसऱ्या ओळीत कळलं हे वेगळंच पीक. तरी विचारतो, साल कुठल्या बागेतली? तेल्या रोग यायला लागला की आम्ही बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबंच की. साल न धुता वाळवली असेल तर ते सगळं तुमच्या काढ्यात. बाकी यंदा दराचं काही विचारू नका.

हुतात्मा_रोजचा: दराचं सांगाच. मार्केट यार्डात कालच...

नळीबाई: विषयावर या. धातू असेल तर ईडीटीए (धातूला बांधून ठेवणारं रसायन) घाला. मी आधीच सांगणार होते.

बायोकेम_बार्शी: ईडीटीए. +१

रंगारी_काका: लेकी, मला ते मेगा काही कळत नाही. चाळीस वर्षं सूत रंगवण्यात गेली. डाळिंबाची साल आम्ही पोत्यानं आणायचो. एवढंच सांग, काढ्याचा रंग कसा होता आणि साल कशात कुटली?

सालपट: काका, काळपट हिरवा. लॅबचा ग्राइंडर बिघडलाय म्हणून आजीच्या लोखंडी खलबत्त्यात कुटली. फळं बाजारातली होती, साल धुतली होती.

रंगारी_काका: मग तू काढा नाही केलास, रंग केलास. सालीचा काढा नुसता असेल तर पिवळा. त्यात हिराकस टाकलं की काळा. हिराकस म्हणजे लोखंडच. साल जरा वेळ लोखंडात राहिली तरी तेच होतं. विळीवर साल चिरलीस तरी पातं काळं पडतं, बघ.

सालपट: काका!! आत्ता ओट्यावर करून पाहिलं. एका वाटीत स्टीलच्या सुरीनं चिरून दगडी खलात वाटलेली साल, दुसरीत खलबत्त्यातली. दोन्हींवर सारखंच गरम पाणी. दहा मिनिटांत पहिली वाटी कोऱ्या चहासारखी पिवळी, दुसरी दौतीतल्या शाईसारखी. आई विचारतेय हे कोण पिणार आहे.

चुंबकवाला: लोह, मी हेच म्हणणार होतो. जाता जाता, १९५१ मध्ये इथेनॉलच्या तीन वेगळ्या रेघा दाखवणाऱ्या तिघांत आपले भौतिकशास्त्रज्ञ धर्मात्ती होते. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) एनएमआर त्यांनीच उभं केलं. तेव्हा कुठला क्रायोप्रोब!

पार्क_चौक: सर, मग ताईंनाही नको.

नळीबाई: आता ईडीटीए घाला आणि जुनेच नमुने चालवा. फेकू नका.

गाईडचा_मारलेला: सहमत. एका नमुन्यात घालून बघा, रेघा बारीक झाल्या तर कारण पक्कं.

बायोकेम_बार्शी: +१. आणि ७.४.

सालपट: सगळ्यांचे आभार. ठरवलंय. ईडीटीए घालणार नाही. त्याचे स्वतःचे पीक ३.२ आणि ३.६ च्या आसपास येतात, साखरेच्या ऐन गर्दीत, आणि माझा अर्धा प्रबंध तिथेच आहे. जुने सहाही बाद. नवी फळं, स्टीलची सुरी, दगडी खल, सेंट्रिफ्यूज, पीएच ६ चा बफर, तेच ६०० चं मशीन, तेच १२८ स्कॅन. गुरुवारी हुतात्मा.

नळीबाई: सहा नमुने फेकले! विचारता कशाला मग?

चुंबकवाला: निदान २५६ स्कॅन तरी.

रंगारी_काका: ती काळी पूड फेकू नकोस लेकी. किती आहे? मी सात रस्त्यावरून येऊन घेऊन जाईन, दोन लडी सहज होतील.