आईला सलाईन लावून घ्यावं का? 'हायड्रेशन थेरपी'बद्दल सल्ला हवा आहे

सायली_म
नमस्कार मंडळी. आईचं वय ७१. बरेच दिवस थकवा आहे, चालताना तोल जातो, जेवण निम्म्यावर आलंय. ताप, उलट्या, जुलाब काहीही नाही. रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे. एका परिचितांनी घरी येऊन 'हायड्रेशन थेरपी' देणाऱ्यांचं नाव सुचवलंय. सलाईनमधून व्हिटॅमिन सोडतात, तासाभरात तरतरी येते म्हणे. आईही म्हणतेय, एक बाटली लावून टाक, म्हणजे उभी राहीन. खरंच फायदा होतो का? या वयात धोका कितपत? माहिती असलेल्यांनी कृपया लिहा.

रानवारा
सायलीताई, बाबांच्या केमोच्या काळात सलाईनचा उपयोग मी जवळून पाहिलाय. सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर मुद्दाम सलाईन चढवायचे. उलट्यांमुळे घोटभर पाणीही पोटात ठरेना, तेव्हाही ते सलाईननेच सावरले. कोरडी पडलेली जीभ ओली झाली, लघवी सुटली, पुन्हा बोलू लागले. सलाईन म्हणजे नुसतं मनाचं समाधान असं म्हणतात, ते मला पटत नाही. मात्र तिथे प्रत्येक बाटली डॉक्टरांनी रक्ततपासणी बघून लिहून दिलेली असायची. घरी येणाऱ्यांबद्दल काही सांगू शकत नाही.

वसुधा_सिस्टर
सायली, मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काम केलंय. जरा सविस्तर लिहिते.

नॉर्मल सलाईन म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. त्यात 'ताकद' काही नसते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर द्रवात ५० ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे फार तर २०० कॅलरी. एका वेळच्या जेवणाची भरपाईही त्यातून होत नाही. मग सलाईनने माणूस वाचतो तो कसा? शरीरातलं पाणी आणि क्षार घटले की रक्तवाहिन्यांतलं द्रव कमी होतं, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. आतड्यावर अवलंबून न राहता शिरेतून ही तूट झपाट्याने भरता येते. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधले डॉक्टर थॉमस लॅटा यांनी अखेरच्या घटका मोजणाऱ्या एका वृद्धेच्या शिरेत खारं पाणी सोडलं. ती शुद्धीवर आली, बोलू लागली. पण जुलाब थांबले नव्हते. लॅटा तिथून निघून गेल्यावर द्रव पुन्हा दिलं गेलं नाही आणि काही तासांत ती दगावली. किती गेलं आणि अजून किती जातंय, हा हिशोब आम्ही आजही तासातासाला मांडतो.

तीव्र जुलाब-उलट्या, उष्माघात, मोठं भाजणं, सेप्सिस (जंतुसंसर्ग शरीरभर भिनणं), मधुमेहातला कीटोअ‍ॅसिडोसिस (साखर फार वाढून रक्तात आम्ल साचणं; यात मोठ्या माणसाच्या शरीरातलं पाणी सहा लिटरपर्यंत घटलेलं असू शकतं), डेंगीत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतं तो टप्पा: इथे शिरेतून द्रव देण्याला पर्याय नाही. जुलाबाने अगदी कोरड्या पडलेल्या मोठ्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट (क्षारांचं एक सलाईन) तीन तासांत देतात, त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासातच.

पण गिळता येत असेल आणि पोटात ठरत असेल, तर साध्या निर्जलीकरणात ओआरएस (क्षार आणि ग्लुकोजचं पिण्याचं द्रावण) तितकंच काम करतं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले.

आता आईंचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून शरीरातलं पाणी कमी झाल्यासारखं दिसत नाही. तूट नसताना लिटरभर सलाईन दिलं, तर त्यातला जेमतेम चौथा हिस्सा रक्तवाहिन्यांत राहतो, बाकीचं ऊतींमध्ये पसरतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पाय सुजतात, फुप्फुसात पाणी भरून धाप लागते. म्हणून आधी दोन गोष्टी सांगा: गोळीचं नाव काय? आणि पायांवर सूज असते का?

कौमुदी
मी व्हिटॅमिन ड्रिप घेतलंय आणि दोन दिवस छान वाटलं होतं. काकूंनी एकदा घेऊन बघायला काय हरकत आहे? जीवनसत्त्वंच तर आहेत.

निवासी_वैद्य
कौमुदी, तुम्हाला बरं वाटलं हे खरंच असणार. तासभर आडवं पडणं, कुणीतरी काळजीने बघणं, थोडं द्रव मिळणं, या सगळ्याने बरं वाटतं. पण ब आणि क जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, कमतरता नसेल तर जास्तीची बहुतांशी लघवीतून निघून जातात. बी-१२ कमी असेल तर इंजेक्शन किंवा गोळ्यांनी ते नीट भरून निघतं, त्यासाठी बाटली लागत नाही. शिवाय ही ड्रिप निरुपद्रवी नाहीत. मॅग्नेशियम भराभर गेलं तर रक्तदाब घसरतो. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना क जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला तर तांबड्या पेशी फुटू शकतात. ७१ वर्षांच्या बाईंना तपासल्याशिवाय हे देऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

सायली_म
सगळ्यांचे मनापासून आभार. पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत, त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायझाइड. घोट्याशी संध्याकाळी थोडी सूज असते.

निवासी_वैद्य
हे महत्त्वाचं आहे. हे औषध लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतं. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, त्याने रक्तातलं सोडियम खाली येतं आणि थकवा, तोल जाणं, भूक मंदावणं ही लक्षणं दिसतात. तेच कारण असेल असं इथून सांगता येणार नाही, पण तपासायलाच हवं. उद्याच त्यांच्या डॉक्टरांना भेटा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि एक ईसीजी, हे विचारून घ्या. मधल्या काळात सलाईन नको. बाटली डेक्स्ट्रोजची निघाली तर ग्लुकोज वापरलं जातं आणि उरतं ते नुसतं पाणी, त्याने सोडियम आणखी उतरेल. फार खाली गेलेलं सोडियम भराभर वर चढवणंही मेंदूला घातक असतं, साधारणपणे २४ तासांत ८ ते १० मिलीमोलच्या वर जाऊ देत नाहीत. असंबद्ध बोलणं, गुंगी किंवा झटका दिसला तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

रानवारा
पुढे कधी डॉक्टरांनी घरी सलाईन लिहून दिलंच तर बाटलीवरचं नाव आणि मुदत स्वतः वाचा, किती तासांत द्यायचं ते कागदावर लिहून घ्या. ५०० मिली चार तासांत म्हणजे २० थेंबांचा एक मिली असलेल्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब. लवकर संपावं म्हणून चक्री कुणी सैल करू नये. सुईची जागा सुजली, लाल झाली, ठणकू लागली किंवा धाप लागली तर थेंब बंद करून लगेच फोन करा.

सायली_म
कळवते आहे. सोडियम १२७ आलं, म्हणजे कमीच. बाकी तपासण्या ठीक, बी-१२ थोडं कमी. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, बी-१२ सुरू केलं, आणि तीन दिवसांनी सोडियम परत बघणार आहेत. सलाईनची गरज नाही म्हणाले. आईची समजूत काढली, तीही आता ऐकतेय. एकच विचारायचं राहिलं: अशक्तपणा आहे म्हणून मी तिला दिवसभर आग्रह करून पाणी पाजत होते. ते चालू ठेवू ना?

वसुधा_सिस्टर
नको, सायली. सोडियम कमी असताना आग्रहाने पाजलेलं साधं पाणी ते आणखी खाली नेतं. तहान लागेल तेवढंच द्या आणि दिवसाचं नेमकं माप आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. मिठाचं प्रमाणही मनाने वाढवू नका, रक्तदाब आहे. पुढची तपासणी येईपर्यंत रात्री बाथरूमला जाताना सोबत रहा. तोल जाऊन पडणं हा या दिवसांतला मोठा धोका आहे.