एचबीएवनसी ७.८ आहे आणि घरचे म्हणतात आता थांबू नका, काय करू?

तासगावची_सून :
नमस्कार मंडळी, वय २९, लग्नाला ३ वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी टाइप २ शुगर निघाली, आई आणि मावशीला पण आहे. परवा एचबीएवनसी (३ महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) केली तर ७.८ आली. शुगरच्या गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहेत, शिवाय बीपीची टेल्मिसार्टन. घरात सध्या एकच विषय, पाळणा कधी हलणार. सासूबाई तशा प्रेमळ आहेत पण म्हणतात, राहू दे की दिवस, मग बघू शुगरचं, आमच्या वेळी कुठं होतं असलं तपासणं. नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे तो सुटला! डॉक्टर ३-४ महिने थांबा म्हणाले पण का ते विचारायच्या आत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. थांबून खरंच फरक पडतो का? आणि इन्सुलिन एकदा लागलं की सुटतच नाही म्हणतात ते खरं का?

मिरजेची_माहेरवाशीण :
अगं थांब गं. बाळाचं हृदय, मणका, मेंदू यांची घडण पहिल्या ८ आठवड्यांत होते. पाळी चुकली म्हणून आपण टेस्ट करतो तेव्हा त्यातले ४-५ आठवडे गेलेलेच असतात, मग "दिवस राहिल्यावर बघू" म्हणण्यात काय अर्थ आहे सांग. मला पहिल्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, ९ व्या आठवड्यात सगळं गेलं. शुगरमुळंच गेलं असं छातीठोकपणे कुणी म्हणत नाही, पण तेव्हा माझी एचबीएवनसी ९.१ होती. दुसऱ्या वेळी ६.३ वर आणली आणि मगच चान्स घेतला. साधारण ६.५ च्या खाली आणा म्हणतात, १० च्या वर असेल तर आत्ता नकोच म्हणतात.

तुझी टेल्मिसार्टन मात्र आधी विचार, ती बाळाला चालत नाही, बदलून देतात. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीपण सांग. मनानं काही बंद करू नकोस, नाहीतर बीपी चढून बसायचं. फॉलिक अ‍ॅसिड मला ५ एमजीचं दिलं होतं, दिवस राहायच्या आधीपासून १२ आठवड्यांपर्यंत. डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन पण आत्ताच तपासून घे.

इन्सुलिनचं म्हणशील तर ते नाळेतून बाळापर्यंत जात नाही, म्हणून तर देतात. सुरुवातीला मला रात्री शुगर खाली जायची, एकदा मीटरवर ५२! अंगाला दरदरून घाम, नवऱ्यानं ३ चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. ५ व्या महिन्यानंतर उलटं, डोस वाढतच गेला, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, पण नाळेच्या हार्मोन्समुळं तसंच होतं. आणि डिलिव्हरी झाली त्याच दिवशी डोस निम्म्याच्याही खाली. आता परत गोळ्यांवर आहे. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, पण "सुटतच नाही" हे खोटं.

लॅबवाला_सांगली :
ताईंनी बरोबर सांगितलंय. माझी एकच भर, एचबीएवनसी म्हणजे मागच्या ३ महिन्यांची सरासरी, म्हणून आज पथ्य धरलं आणि १५ दिवसांत परत रक्त दिलं तर खरा फरक दिसत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा फसवतो पण, ते सोबत करून घ्या. दिवस राहिल्यावर घरच्या मीटरवरच भिस्त. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर १ तासानं १४० च्या आत किंवा २ तासांनी १२० च्या आत असं धरतात. आणि हात धुऊन टोचा हो! बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या एक ताई २६८ आली म्हणून रडत आल्या, बोटं चिकट होती. साबणानं धुऊन परत बघितलं तर १३१.

कृष्णाकाठचा_गडी :
त्या नवरेबुवांना हा धागा वाचायला द्या. तू ठरव काय, तपासणीला सोबत जायचं आणि घरी पथ्याचं जेवायचं. मी बायकोसोबत ४ महिने रात्री ज्वारीची भाकरी न् मेथी खाल्ली, भडंगाचा डबा माळ्यावर टाकला. माझंच वजन ६ किलोनं उतरलं.

मीच_ती_सासू :
मी स्वतः सासू आहे बाई, त्यामुळं मला बोलायचा हक्क आहे. आमच्या वेळी तपासणं नव्हतं हे खरं, पण आमच्या वेळी किती बाळं गेली हे कुणी मोजलं पण नाही. माझ्या जाऊबाईंचं साडेचार किलोचं बाळ खांद्याला अडकलं होतं, सगळी गल्ली दारात जमली होती. शुगर होती का कुणास ठाऊक, कुणी बघितलीच नाही. सासूबाईंना तपासणीला घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ऐकतील. गूळ, काकवी नैसर्गिक म्हणून चालते असं त्या म्हणणारच, ते मात्र ऐकू नकोस, गुळानं पण शुगर तेवढीच चढते.

तासगावची_सून :
वाचून रडू आलं आणि हसू पण. टेल्मिसार्टनचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतली, सासूबाई येतो म्हणाल्या (कोपऱ्यावर पेढे घ्यायचे आहेत म्हणे, नंतर बघू). इन्सुलिन दिलं तर उन्हाळ्यात ठेवायचं कसं? आमच्याकडं लाइट तासन् तास जाते.

मिरजेची_माहेरवाशीण :
न उघडलेलं फ्रिजच्या दारात ठेव, फ्रीजरमध्ये चुकूनही नको, गोठलं की फेकायचं. वापरातलं पेन बाहेर साधारण ४ आठवडे चालतं, पण ऊन आणि गाडीची डिकी नको. लाइट गेली की मी प्लास्टिकच्या डबीत घालून डबी ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठाला टेकवून ठेवायची. डबीचं झाकण मात्र घट्ट बघ, आमच्या एका पेनात मुंग्या शिरल्या होत्या.