बारामोटेच्या विहिरीत आभाळ जळतंय, काय करू?

वाईचा_हौशी
मंडळी, रविवारी साताऱ्याजवळच्या लिंबला बारामोटेच्या विहिरीवर गेलो होतो. आतल्या कमानीतून वर आभाळ दिसतं, ती फ्रेम हवी होती. कमानीवर एक्सपोजर धरलं की आभाळ पांढरंफटक, आभाळावर धरलं की कमान काळीकुट्ट. भर बारा वाजता गेलो, हे कबूल. कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, चार वर्षं जुना. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक) करू का? दुकानदार ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धी काळी, अर्धी पारदर्शक काच) गळ्यात मारायला बघतोय.

कृष्णाकाठ
फिल्टर राहू दे. त्याची काळी-पांढरी हद्द सरळ रेघेत असते, क्षितिजाला ठीक. इथं कमानीचा माथा आणखी काळा होईल. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढतोस ना?

वाईचा_हौशी
जेपेग, कॅमेऱ्यानंच आवळून दिलेली तयार फाइल. (मारू नका.)

कृष्णाकाठ
मग तिथंच पाणी मुरतंय! जेपेगला एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉला १६,३८४. पिक्सेल म्हणजे मोट समज. भरली की वरचं पाणी सांडलं, ते कुठलाही स्लायडर परत आणत नाही. तळाशी थोडं असेल तर उपसता येतं, गाळासकट. तो गाळ म्हणजे नॉइज, फोटोतले रवाळ ठिपके.
तेव्हा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेव, ढगाच्या सगळ्यात उजळ भागावरचा झेब्रा (जास्त उजेडाचा इशारा देणारे स्क्रीनवरचे पट्टे) जेमतेम जाईपर्यंत एक्सपोजर उतरव. स्क्रीनवर फोटो भयाण काळा दिसेल, घाबरू नको. घरी शॅडो, म्हणजे काळोखे भाग, तीन स्टॉप उचल (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगवरून बनतो, त्यामुळे तो जरा आधीच बोंब मारतो.

ढेबेवाडी_एक्सप्रेस
काकांशी अर्धा सहमत. हल्लीचे चांगले सेन्सर बेस (सगळ्यात खालच्या मूळ) आयएसओला उजेड-अंधारातला १४ स्टॉपच्या आसपासचा फरक पकडतात, पण भर दुपारी त्या अंधारातून तीनच्या वर उचललंस तर गाळच गाळ. ट्रायपॉड लाव, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एकच ठेव, उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप असे तीन फोटो काढ आणि जोड. फक्त हलणारं काही नको. भावाच्या प्री-वेडिंगला मी हा प्रयोग केला, वहिनीला तीन हात आले. अजून धड बोलत नाही.

साताऱ्याची_लेक
दादा, ट्रायपॉडच्या आधी वेळ बदला. विहीर ११० फूट खोल, तोंड ५० फुटांचं, दुपारचं ऊन एका बाजूला झोडपतं आणि दुसरी बाजू काळोखात. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जा, फरकच कमी होतो. आणि सगळा अंधार उपसू नका हो. १७१९ ते १७२४ मध्ये विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेला दगड तो, एचडीआरवाले त्याचं प्लास्टिक करतात. आत गारवा आहे हे फोटोत कळायला थोडा काळोख लागतोच.

वाईचा_हौशी
काल साडेसातला गेलो, ढग होते. रॉ, आयएसओ १००, एफ/८, १/१२५. एकच फोटो, शॅडो अडीच स्टॉप वर. कमानीच्या दगडावरचे छिन्नीचे घाव मोजता येतायत, ढगाची राखाडी घडीही शाबूत. डावा कोपरा ताईंच्या सांगण्यावरून काळाच ठेवला. ऐन वेळी मध्येच पारवा उडाला, पण एकच आलाय. वहिनींना कळवा.